काळे न पडणारे डूल

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. रबरी बुटांच्या कारखान्याची सकाळची पाळी सुटली होती आणि बाया घरी न जाता, अंगावरचे निळे डगलेही न काढता, तशाच इथे येऊन उभ्या राहिल्या होत्या. समोर टेबल, टेबलावर पांढऱ्या इनॅमलचं पसरट घमेलं आणि शेजारी वाफाळत्या पाण्याची किटली. टेबलामागे कानवाले बाबा उभे होते.

बाबा म्हणून दाढी-जटा असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुळगुळीत हनुवटी आणि आवाज असा की दुधावरची साय. ओरडून बोलणाऱ्यापेक्षा हळू बोलणारा जास्त महागात पडतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"धातू खोटं बोलत नाही," बाबा म्हणाले. "माणूस बोलतो. रिपोर्ट बोलतो. पण चांदी? ती तुमच्या कानाला लागून बसते आणि आतलं सगळं ऐकते. आत रोग असला की तो ओढून घेते आणि स्वतः काळी पडते. आई आहे ती! लेकराचं दुखणं आपल्या अंगावर घेते."

बायांनी सुस्कारे टाकले. पहिल्या बाईने कानातले डूल काढून त्यांच्या हातावर ठेवले. बाबांनीच पंधरा दिवसांपूर्वी फुकट वाटलेले, थेंबाच्या आकाराचे छोटे डूल. आता ते शेगडीतल्या कोळशासारखे काळे झाले होते. बाबांनी घमेल्याच्या तळाशी एक चकचकीत पत्रा अंथरला. "हा चंद्रपट." त्यावर मूठभर पांढरी पूड टाकली. "हे श्वेतभस्म." मग डूल ठेवले आणि वरून उकळतं पाणी ओतलं. पाणी फसफसलं आणि सडक्या अंड्यांचा असा वास सुटला की पुढच्या चार ओळींनी पदर आणि रुमाल नाकाला लावले.

"आला! रोग बाहेर आला!" बाबा म्हणाले. "नाक धरू नका, माय. इतकी वर्षं अंगात ठेवलंत ना त्याला? मग जाताना निरोप द्या."

लोक हसले, काही बाया रडल्या. बाबांनी लाकडी चिमट्याने डूल वर काढले. पांढरे शुभ्र. हॉलभर टाळ्या पडल्या.

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. मला तिथल्या तिथे दोन गोष्टी कळल्या होत्या. चंद्रपट म्हणजे डब्यातलं खाणं गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद आणि श्वेतभस्म म्हणजे खायचा सोडा, ही पहिली. दुसरी, ते डूल माझे होते. माझे म्हणजे मी घडवलेले. चार महिन्यांपूर्वी एक घाऊक व्यापारी माझ्याकडून एकाच साच्याचे ढीगभर जोड घेऊन गेला होता. "समाजकार्यासाठी हवेत, ताई," म्हणाला होता आणि मी खूश होऊन त्याला चहा पाजला होता. तिसरी गोष्ट कळायला मला सात महिने लागले. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं.

त्या रांगेत अकराव्या नंबरावर माझी धाकटी बहीण उभी होती.

आम्ही दोघीच. खाली दुकान, वर दोन खोल्या. वडिलांनंतर चांदीचं काम मी हातात घेतलं. धाकटीला आगीजवळ बसायचा कंटाळा, म्हणून ती कारखान्यात लागली आणि तिथेही तिच्या वाट्याला भट्टीच आली. बुटांचे तळवे तापवून काढायचे, हे तिचं काम. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. तिच्या छातीत गाठ लागली हे तिने मला सांगितलं तेच मुळी भांडी विसळता विसळता, जणू कपाचा कान तुटलाय.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. सुई घालून तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, "गाठ वाईट आहे, पण लहान आहे. वेळेत काढली तर तुम्ही म्हातारपणी मला शिव्या घालायला जिवंत असाल. तीन आठवड्यांनी ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. चुकवू नका."

धाकटी मुकाट्याने मान हलवून बाहेर आली. मला तिचं ते मुकाटपण कळत होतं. आमची आई ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नव्हती. तेव्हा धाकटी अकरा वर्षांची होती आणि बाहेरच्या बाकावर आईची चप्पल मांडीवर घेऊन बसली होती. तिला रोगापेक्षा त्या बाकाची भीती जास्त होती. बाबांच्या हॉलमध्ये बाक नव्हता, सुरी नव्हती, नुसतं गरम पाणी होतं.

हॉलमधून परतल्यावर त्या संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघरात उभं केलं. परातीत ॲल्युमिनियमचा कागद पसरला, सोडा टाकला, दुकानातलं एक काळं पडलेलं पैंजण ठेवलं आणि उकळतं पाणी ओतलं. तोच फसफसाट, तोच घाण वास, पैंजण लख्ख.

"बघ," मी म्हटलं. "हवेतलं गंधक चांदीवर बसतं, त्याचा हा काळा थर. सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमला टेकलं की गंधक चांदीला सोडून तिकडे जातं. थोडं वाफेबरोबर उडतं, त्याचा हा वास. आता सांग, या पैंजणाला कुठला रोग होता?"

ती पैंजणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण गंधक असं एकेकीच्याच कानावर का बसतं? तूच म्हणायचीस ना, ताई, अंगात उष्णता असली की चांदी काळी पडते?"

मी पैंजण परातीत परत ठेवलं.

आमच्या धंद्यातली ही जुनी थाप आहे. गिऱ्हाईक रागाने येतं, "दोन महिन्यांत काळे पडले, चांदी भेसळीची दिसते." आता त्याला कोण समजावत बसणार, की बाई गं, अस्सल स्टर्लिंग म्हणजे ९२५च्या चांदीमध्येही हजारात पंचाहत्तर भाग तांबं असतं, निव्वळ चांदी मऊ पडते म्हणून मुद्दाम घालावं लागतं, आणि ती काळी पडते याचा अर्थ ती खोटी आहे असा नव्हे! त्यापेक्षा वडील म्हणायचे, "चांदी अस्सल आहे हो, तुमच्या अंगातच उष्णता फार." गिऱ्हाईक गप्प. वर, आपल्या अंगात काही विशेष आहे म्हणून थोडं सुखावून घरी जायचं. वडिलांचं ऐकून मीही वीस वर्षं तेच म्हणत आले होते. धाकटी दुकानाच्या पायरीवर बसून तेच ऐकत लहानाची मोठी झाली. बाबांनी शेत नांगरलं नव्हतं. त्यांनी तयार जमिनीत पेरणी केली होती.

"ते गिऱ्हाईक वाटेला लावायला म्हणायचे गं मी!" मी म्हटलं.

"म्हणजे खोटं बोलत होतीस? मग आत्ता खरं बोलतेस कशावरून?"

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, पण सोनारीण घरचीच असली की तिची सुई बोथट ठरते. पिकतं तिथं विकत नाही.

तरी मी हात टेकले नाहीत. कारखान्यातल्या भट्टीजवळच्या भिंतीत एक खिळा होता. धाकटीलाच मी त्यावर एक नवा कोरा डूल टांगायला लावला. रबर घट्ट व्हावं म्हणून त्यात गंधक घालून ते भाजतात, साऱ्या कारखान्यात ती हवा भरलेली असते. तिथे चांदी पांढरी राहिली असती तरच नवल. चौथ्या दिवशी खिळ्यावरचा डूल काळाठिक्कर. शनिवारी मी तो भर हॉलमध्ये बाबांपुढे धरला.

"बाबा, खिळ्याला कोणता रोग झालाय?"

लोक फिसकन हसले. बाबाही हसले. मग त्यांनी तो डूल दोन्ही हातांत घेऊन डोळे मिटले.

"खिळा भिंतीत आहे," ते हळूच म्हणाले. "त्या भिंतीला तुम्ही सगळ्या वर्षानुवर्षं पाठ टेकून उभ्या राहता. तुमचं दुखणं त्या भिंतीने प्यायलंय. ताईंचे उपकार माना. भिंतसुद्धा आजारी आहे, हे त्यांनी दाखवून दिलं."

टाळ्या! मला मिळाल्या होत्या त्या टाळ्या! दुसऱ्या दिवशी कारखान्यात भिंतीला कुणी पाठ टेकेना. अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे पाण्यावर काठी मारणं.

पण बाबांचा हुकमाचा पत्ता वेगळाच होता. दोन शुद्ध्या सगळ्यांपुढे व्हायच्या. तिसरी मात्र बाबा जिला निवडतील तिचीच, आणि ती फुकट नव्हती. डूल त्यांच्याकडे दोन दिवस ठेवायचे, "एकांतात." मग ते परत मिळायचे आणि त्यानंतर ते काळे पडायचे नाहीत. तीच बाई, तेच कान, तीच भट्टी; आठवडे जावोत, महिने जावोत, डूल पांढरेच्या पांढरे. रोग मुळापासून गेला!

धाकटीची तिसरी शुद्धी ऑपरेशनच्या तारखेच्या सहा दिवस आधी झाली. त्या सहा दिवसांत तिने दिवसातून दहा वेळा आरशात कान पाहिले. भट्टीवर दुप्पट पाळी केली. डूल काळे पडले नाहीत.

"आता बोल," ती म्हणाली. "आता का नाही बसत तुझं गंधक?"

"दाखव मला ते. हातात दे."

ती दोन पावलं मागे सरली. "कुणाला हात लावू द्यायचा नाही, काढायचे नाहीत. काढले तर रोग परत येतो. आणि लोखंडही लागू द्यायचं नाही अंगाला. सुई नाही, सुरी नाही."

बघा कसं बांधून घेतलं होतं! तपासायचं नाही आणि डॉक्टरकडे जायचं नाही, दोन्ही दारं एकाच कुलुपात. मी लांबूनच पाहत होते. डोक्याला बांधलेल्या रुमालाआडून चमकणारे इवलेसे थेंब, नुकता उजाळा दिलेल्या चांदीसारखे. वीस वर्षांची कारागीर मी, आणि आपल्याच हातच्या कामापुढे अडाणी ठरले.

तारखेच्या दिवशी मी सकाळी सहालाच पिशवी भरून जिन्यात उभी राहिले. ती कामाचा डगला घालून खाली आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं आणि कारखान्यात निघून गेली. दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यानंतर त्या स्वतः दुकानात आल्या, दोनदा. धाकटी वरून उतरली नाही. मी ओरडले, रडले, एकदा तर तिचा हात धरून ओढला. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. गाठीचं विचारलं की म्हणायची, "कमी होतेय." तपासू द्यायची नाही.

असे महिने गेले. बाबा आता दर शनिवारी तिला पुढे उभी करायचे. "ही पाहा. डॉक्टरांनी हिला सुरीची तारीख दिली होती. पाहा हिचे कान!" आणि माझी बहीण डोकं जरा तिरपं करून, फोटोला उभी राहावी तशी, कान दाखवायची. तिच्याकडे पाहून आणखी किती जणींनी आपापल्या तारखा चुकवल्या असतील, ते मी मोजलेलं नाही. मोजायचा धीर होत नाही.

एका दुपारी कारखान्यातली मुकादमबाई दुकानात आली. अंगाने दणकट, सगळी पाळी जिला वचकून असते अशी बाई, पण आत शिरताना चोरासारखी मागे बघत होती.

"ताई, कुणाला सांगू नका हं. डगला काढताना अडकून डुलाची आकडी तुटली. तिसऱ्या शुद्धीचा आहे. काढायचा नसतो, पण तुटला त्याला मी तरी काय करू? लगेच जोडून द्या, मी इथेच थांबते. कान उघडा ठेवून जायची भीती वाटते."

मी डूल चिमट्यात धरला. सांध्याला सवागीचा खार लावला, जोड देणाऱ्या डाखाचा कण ठेवला आणि फुंकणीने ज्योत दिली. चांदीवर डाख कसा लोण्यासारखा पसरतो. इथे तो पसरेचना. गोळी होऊन थेंबावरून घरंगळला. आणि ज्योत लागली होती तिथे एक धुरकट, राखाडी डाग उठला. चांदी असं वागत नाही. मी कानस घेतली, टोक हलकेच एकदा घासलं आणि भिंग लावलं. वरचा थर निळसर पांढरा, आतली चांदी किंचित पिवळट. दोन वेगवेगळे पांढरे.

रोडियम! चांदीवर चढवायचा एक महागडा मुलामा. त्याला गंधक चिकटत नाही, म्हणून त्याखालची चांदी काळी पडत नाही. मुलामा लबाडीचा असतो असं नाही. गिऱ्हाइकाला सांगून-सवरून, झिजल्यावर पुन्हा चढवावा लागेल हे बजावून, कितीतरी दुकानदार तो विकतात. पण माझ्या दुकानातून त्या साच्याचा एकही डूल रोडियम चढवून गेला नव्हता. मी दिले ते सगळे उघड्या चांदीचे. म्हणजे त्यांतले काही कुणीतरी मुद्दाम शहरात नेऊन मुलाम्यात बुडवून आणले होते. दोन दिवसांचा "एकांत" कशासाठी, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. शुद्धीबिद्धी काही नव्हतीच. घेतलेला डूल एका खिशात, दिलेला डूल दुसऱ्या खिशातून.

मी मुकादमबाईंना स्टुलावर बसवलं आणि सगळं करून दाखवलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "माझी शुगरची गोळी बंद केलीय हो मी."

"आजपासून सुरू करा. आणि शनिवारी माझ्या शेजारी उभ्या राहा."

चांदीवरची नक्षी उठून दिसावी म्हणून आम्ही कारागीर कधी कधी ती मुद्दाम काळी करतो. त्यासाठी गंधकाचं एक पाणी असतं. गरम करून चांदी बुडवली की दहा मोजेपर्यंत काळी. शनिवारी मी ते पाणी थर्मासमध्ये भरलं, एक काचेचा पेला आणि कानस घेतली आणि हॉल गाठला. धाकटी पुढे उभी होती, डोकं तिरपं करून. गेल्या महिनाभरात तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. लोकांना फक्त कान दिसत होते.

मी थेट टेबलाशी गेले. मुकादमबाई बरोबर असल्यामुळे वाट मिळाली. त्यांना अडवायची कुणाची छाती नव्हती.

"बाबा, चांदी खोटं बोलत नाही ना?"

"कधीच नाही, ताई."

"मग तिलाच विचारू." मी पेल्यात पाणी ओतलं. माझ्या पिशवीतला एक साधा डूल त्यात सोडला. बघता बघता तो काळा झाला. पुढच्या ओळीतून "अगं बाई" आलं.

"ते विष आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "विषात काहीही काळं पडेल."

"काहीही? तुमचा शुद्ध झालेला डूलसुद्धा?"

मी उत्तरासाठी थांबले नाही. मुकादमबाईंनी आपला धड असलेला दुसरा डूल काढला आणि पाण्यात सोडला. दहा मोजले, वीस मोजले, पन्नास मोजले. डूल पांढराच.

आणि हॉलमध्ये जल्लोष झाला! "विषातही शुभ्र!" कुणी तरी ओरडलं. बायांनी हात जोडले. बाबांच्या चेहऱ्यावर साय पुन्हा पसरली. "ताई," ते म्हणाले, "किती वेळा माझंच काम करणार तुम्ही?"

मी डूल बाहेर काढला, पुसला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरून त्यावर कानशीने एकच आडवी रेघ ओढली. पुन्हा पेल्यात सोडला. बाहेर काढला तेव्हा पांढऱ्या थेंबाच्या पोटावर एक काळीभोर रेघ उमटली होती.

"आता बोला," मी म्हटलं. "एवढ्या रेघेपुरताच रोग परत आला का? वर पांढरा मुलामा आहे, आत माझी साधी चांदी. मुलामा खरवडला तिथे काळी पडली, बाकी पडली नाही. तिसऱ्या शुद्धीत तुमचे डूल बदलले जातात, बायांनो. तुम्ही नाही."

डूल हातोहात मागच्या ओळीपर्यंत गेला. बाबा म्हणाले, "लोखंड लागलं. लोखंडाने शुद्धी भंगली." पण या वेळी आवाज जरा चढला होता आणि टाळी पडली नाही.

तेवढ्यात धाकटीने आपल्या कानातले डूल काढले.

"बाळ, काढू नकोस," बाबा म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या हातातून कानस घेतली. या कामाचा कंटाळा करणारी माझी बहीण. पण हात सोनाराच्या घरचा होता. डूल टेबलाच्या कडेला टेकवून तिने एक रेघ ओढली, सरळ आणि नेमकी. पेल्यात सोडला. पाण्याकडे बघत उभी राहिली. रेघ काळी झाली तशी ती माझ्याकडे वळली.

"ताई," ती म्हणाली. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "गाठ कमी नाही झाली. मी खोटं सांगत होते. ती फुटलीय. महिना झाला, मी कापूस बांधून येते. डूल पांढरे होते म्हणून मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

मी तिला तिथेच मिठीत घेतलं. डगल्याआड तिच्या छातीला बांधलेला जाडसर कापूस माझ्या हाताला लागला.

बाबा त्या गडबडीत मागच्या दाराने गेले. पोलिसांना त्यांच्या खोलीत दोन डबे सापडले, एकावर एक टिंब आणि एकावर दोन टिंबं. एकात उघडी चांदी, दुसऱ्यात मुलाम्याची. माणूस सापडला नाही. कुठेतरी दुसऱ्या कारखान्याशेजारी, दुसऱ्या नावाने, इस्त्रीचा शर्ट घालून उभा असेल.

सगळ्यांनी माझे आभार मानले असं समजू नका. एक बाई हॉलच्या पायरीवर मला म्हणाली, "तुम्हाला काय मिळालं हो? आमचा आधार होता तेवढा." दुसरी आठवड्याने दुकानात येऊन म्हणाली, "हा लबाड निघाला, पण पलीकडच्या गावातला खरा आहे म्हणे." ही खोड औषधाने जात नाही.

धाकटीचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालं. मी बाकावर बसले होते. ती टेबलावरून परत आली. जिची आयुष्यभर धास्ती घेतली, ती सुरी तिच्या जिवावर उठलीच नाही. पण रोग तोवर हाडात उतरला होता. डॉक्टरीणबाईंना मी एकदाच विचारलं, पहिल्या तारखेला आली असती तर? त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "तर बहुधा वाचली असती," म्हणाल्या.

ती अकरा महिने जगली. उभं राहता येत होतं तोवर दर शनिवारी पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. रुमाल नाही, कानात काही नाही. ओळखीची बाई दिसली की हाक मारायची, "ए, माझ्याकडे बघून तारीख चुकवलीस का तू? मग आता माझ्याकडे नीट बघ आणि जा." तिच्या सांगण्यावरून नऊ जणी दवाखान्यात गेल्या. मुकादमबाईंनी त्यांतल्या दोघींना हाताला धरून नेलं. धाकटी गेली तेव्हा त्या नऊही जणी आल्या होत्या.

आता दुकानात कुणी काळे डूल घेऊन आलं आणि विचारलं, "माझ्या अंगात काही आहे का हो?" तर मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि पाच मिनिटं खर्च करते. ही पाच मिनिटं मी वीस वर्षं वाचवली होती. मी सांगते: घेताना ९२५चा शिक्का बघा, मुलामा आहे का ते तोंडावर विचारा. अत्तर-पावडर आधी, डूल नंतर. आंघोळीआधी काढा. घाम आला तर मऊ फडक्याने पुसा, हवा लागणार नाही अशा पिशवीत ठेवा, आणि रबरबँडने तर कधीच बांधू नका. तरी काळे पडतील. हवेत गंधक आहे, चांदीचा तो स्वभाव आहे, त्यात तुमचा काही दोष नाही. सोड्याच्या पाण्यात टाका, पांढरे होतील.

आणि अंगात गाठ लागली, जखम भरेना, वजन उतरायला लागलं, तर आरशात कान बघत बसू नका. डॉक्टरकडे जा. भीती वाटली तर भीती घेऊन जा, कुणाचा तरी हात धरून जा, पण त्याच आठवड्यात जा. चमत्कार दाखवणाऱ्याला एकच म्हणा, "हातात दे, घासून बघते." जो घासू देत नाही, त्याच्याकडे तुमच्यासाठी काही नाही. चांदी पुन्हा पांढरी करता येते, मला येते. गेलेले सात महिने परत आणायची विद्या कुणालाच येत नाही.